तोंड वळवणाऱ्या बाई

करकेन्ना, ११ मार्च

नौफल,

पाकिटावरच 'आत उपदेश नाही' असं लिहिणार होते, पण इथल्या पोस्टातल्या बाईला माझ्याबद्दल आधीच नको तितकं माहीत आहे. म्हणून आत लिहिते. उपदेश नाही, एक प्रश्न आहे. तू माझा नंबर बंद करून टाकलास त्याला चार वर्षं झाली, पण टपाल बंद करायचं बटण जर्मनीतही अजून निघालं नसावं.

सप्टेंबरपासून मी या बेटावर आहे. बदली मागून घेतली. सफाक्स शहरात माझ्याकडे तीन शाळा होत्या, इथं एकच. मुलं इतकी थोडी की प्रत्येकाचं नाव, गाव आणि कोण कोणाशी बोलत नाही हेसुद्धा मला पाठ झालंय. काम तेच, समोर बसवून विचारायचं: पुढं कोणती शाखा, का, आणि व्हायचंय काय? मग ती मुलं कागद भरतात. तुला तो कागद आठवत असेल. त्यावर 'पर्याय' असं लिहिलेलं नसतं, 'इच्छा' असं असतं. पहिली इच्छा, दुसरी इच्छा, तिसरी इच्छा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना सरकार तीन इच्छा विचारतं, आणि निम्मी पोरं तिन्ही ठिकाणी बापाची इच्छा लिहून मोकळी होतात.

परवा यमीना नावाची मुलगी आली होती. गणितात वर्गात पहिली, नखांत कायम चिखल. 'काय व्हायचंय' या प्रश्नापुढं तिनं लिहिलं होतं, 'शर्फिया'. शर्फिया तुला आठवतात ना? बाबांच्या होडीतून आपण पाहायचो, उथळ पाण्यात रोवलेल्या खजुरीच्या झावळ्यांच्या त्या लांबच लांब भिंती. तू त्यांना समुद्राचं कुंपण म्हणायचास. त्या भिंती म्हणजे मासळीचा सापळा, हे तुला किती तरी उशिरा कळलं होतं.

मी म्हटलं, "अगं, माणसाला सापळा होता येत नाही."

"शर्फिया बांधणारी म्हणायचंय, मॅडम. कागदावर जागा कमी होती."

तिचे वडील सफाक्सला नोकरी करतात. तिनं तिकडं येऊन आत्याकडं राहावं आणि संगणकाची शाखा घ्यावी, असं त्यांचं म्हणणं आहे. ती शाखा आमच्या शाळेत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनाही तेच हवंय, कारण बेटावरची मुलगी तिकडं गेली की वर्षभर सांगायला विषय मिळतो. इथं राहिली तर विज्ञान घेता येईल. मी तिला नेहमीचं सगळं सांगितलं. गुण, संधी, सावलीत बसून करायची कामं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी कुणाला चुकीच्या वाटेला लावलंत?"

मी लगेच म्हणाले, "नाही." फारच लगेच म्हणाले.

"विचारून बघितलंत का त्यांना?"

नौफल, पंचवीस वर्षं ही नोकरी करते आहे. शेकडो मुलं माझ्या टेबलासमोर बसून गेली. एकालाही मी नंतर विचारलेलं नाही. मग वाटलं, सुरुवात घरापासून करावी. तू माझा पहिला विद्यार्थी. त्या कागदावर तू विज्ञान लिहिलंस ते स्वतःच्या मनानं ना? 'हो' एवढंच लिहिलंस तरी चालेल. यमीनाचा कागद दहा मेला जायचा आहे, आणि तोवर मला तिला खरं काहीतरी सांगायचंय.

दलंदा

२० मार्च

नौफल,

उत्तर नाही. नऊ दिवस म्हणजे काही फार नाहीत, अशी समजूत घालून घेते आहे. दरम्यान इथं एक गंमत झाली, ती ऐक. ऐकायला काही लागत नाही, आणि हसू आलं तर मला कळवू नकोस.

माझ्या दारावर पाटी आहे, 'तौजीह'. रोज किल्ली लावताना ती वाचते, पण त्या शब्दाच्या पोटात 'वज्ह', म्हणजे तोंड, आहे हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. तोंड वळवणं, अमुक दिशेला तोंड करून देणं. आपण त्याला मार्गदर्शन म्हणतो आणि मोकळे होतो. तर मंगळवारी एक म्हातारा पोटरीपर्यंत गाळ घेऊन थेट आत आला. शिपाई मागून ओरडत होता.

"तौजीहवाल्या बाई तुम्हीच ना?"

"हो. बसा, काका."

"बसायला वेळ नाही, ओहोटी लागेल. शेजाऱ्यानं त्याच्या शर्फियाचं तोंड फिरवलंय. मासा सगळा त्याच्याकडं जातोय. लोक म्हणाले, तोंड वळवायच्या सरकारी बाई आल्यात. तर चला आणि त्याचं तोंड होतं तिथं करून द्या."

"काका, मी सापळ्यांचं नाही बघत. मी पोरांची तोंडं वळवते."

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग सापळा काय अवघड आहे? सापळा उलटून तर बोलत नाही."

तेवढ्यात यमीना धावत आली. चेहरा लालभडक. "आजोबा, चला! त्या बाई त्या तौजीहच्या नाहीत!" म्हणजे हे शाद्ली काका, यमीनाचे आजोबा. मुलगी लाजेनं अर्धी झाली होती, आणि म्हातारा मात्र सरकारनं आपल्याला फसवलं अशा तोंडानं उभा.

मला जिथं तिथं नाक खुपसायची सवय, असं तू म्हणायचास. ती गेलेली नाही. रविवारी मी त्यांच्या होडीतून गेले. पाणी गुडघाभर होतं, तळ स्वच्छ दिसत होता, आणि मी पन्नाशीची बाई परकर खोचून गाळात उभी. मी काकांना विचारलं, मासा आत शिरतोच कसा? एवढा समुद्र मोकळा पडलेला असताना?

"ओहोटीला मासा खोल पाण्याकडं निघतो," काका म्हणाले. "वाटेत भिंत लागते. तो भिंतीला धडक मारत नाही, भिंत फोडत नाही. भिंतीच्या कडेकडेनं चालू लागतो. भिंत कुठं वळवायची ते आपण ठरवायचं. त्याला कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. शेवटच्या खोलीत शिरेपर्यंत त्याला वाटतं, वाट आपणच शोधली."

ते वाक्य होडीतून परत येईपर्यंत डोक्यात होतं, आणि आज चौथा दिवस, अजून आहे.

आणि भांडणाचं काय झालं? यमीनानं खिशातून एक वही काढली. दोन वर्षांपासून ती दर ओहोटीला पाण्यात झावळीचा तुकडा सोडते आणि तो कुठून कुठं जातो ते लिहून ठेवते. तिनं आजोबांना दाखवलं: हिवाळ्यातल्या वादळानंतर वाळूचा एक पट्टा सरकलाय आणि पाणीच वळलंय. शेजाऱ्यानं काही केलेलं नाही. काकांनी वही हातात घेऊन उलटसुलट केली. वाचता येत नाही त्यांना. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला तीन आठवडे उगीच शिव्या घातल्या?"

"हो, आजोबा."

"आता काय करायचं?"

"आपली भिंत वळवायची."

"ते नाही गं. शिव्यांचं काय करायचं?"

मी मोठ्यानं हसले. तूही हसला असतास.

दलंदा

६ एप्रिल

नौफल,

अजून काही नाही. पोस्टातली बाई मला बघितल्याबरोबरच मान हलवते.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, माझा भाऊ बाबांचं होड्या बांधायचं वर्कशॉप विकलं म्हणून रुसला. हे सांगायला सोपं जातं. वर्कशॉप विकायच्या कागदावर तू ड्रेस्डेनहून सही करून पाठवली होतीस, हे कुणाला माहीत नसतं. त्यामुळं कुणी पुढं विचारत नाही.

आज एवढंच. खोकला झालाय.

दलंदा

१९ एप्रिल

नौफल,

खोकला नव्हता. लिहायचं धाडस नव्हतं.

काल यमीना आणि तिचे आजोबा दोघं आले होते, एकेकटे. आधी काका. म्हणाले, "बाई, तिला सफाक्सला पाठवा. शिकू दे. मी माझी शर्फियाची जागा पुतण्याला देऊन टाकतो." मी विचारलं, तिला शर्फिया बांधायच्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे का? तर म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिचं मन मोठं आहे. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणते ती."

तासाभरानं ती आली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही आजोबांना विचाराल का, त्यांना मी तिथं हवी आहे का? मी विचारलं तर खरं सांगणार नाहीत."

आणि नौफल, माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं. "आजोबांना तू तिथं नको आहेस गं." एवढं म्हणायचं होतं. मुलगी सफाक्सला गेली असती, वडील खूश, मुख्याध्यापक खूश. कुणी ढकललं नसतं, कुणी ओढलं नसतं. दहा वर्षांनी ती चांगल्या नोकरीत असती आणि वाट आपणच शोधली असं तिला वाटलं असतं. खोटं बोलतानाही आवाज कसा ठेवायचा, ते मला नेमकं ठाऊक होतं. तेव्हा मी घाबरले. कारण ते मला का ठाऊक होतं, हे तुला माहीत आहे.

बशीरनं तुला काय सांगितलं ते मी ऐकलं होतं. बाबा गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी स्वयंपाकघराच्या दारात थाळी घेऊन उभी होते. बशीर बाबांकडं तीस वर्षं राबलेला, त्याला वाटलं तुला माहीतच आहे. तो सहज म्हणाला, "तुझ्या बापाला शेवटपर्यंत सल होता, नौफलला लाकडाची लाज वाटली." तू हातातला घास परत थाळीत ठेवलास. माझ्याकडं पाहिलंस. मी आत वळले आणि भांडी घासत बसले. घासलेली भांडी पुन्हा घासली. बाहेर आले तेव्हा तू गेला होतास.

चार वर्षं मी स्वतःला सांगते आहे, तो कशावर चिडला कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तर लिहूनच टाकते. तू सोळा वर्षांचा होतास, मी वीस. मी ट्यूनिसहून सुट्टीला आले होते. तू मला गच्चीवर नेऊन म्हणालास, "ताई, बाबांना विचार ना, मला हाताखाली घेतील का? मी विचारलं तर ते नुसते हूं करतील." मी वर्कशॉपमध्ये गेले, बाबांना विचारलं. परत येऊन तुला सांगितलं, "बाबा म्हणाले, तुझ्या हातात ते नाही. तू आपला शीक." आणि दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं, "त्याचं मन बदललं, लाकडाची लाज वाटते त्याला." दोन्ही माणसं अबोल. एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता ना दोघांचा.

का केलं? तुझ्या भल्यासाठी, असं मी अनेक वर्षं समजत होते. ते खरं नाही. वसतिगृहात मुली विचारायच्या, वडील काय करतात? मी सांगायचे, कंत्राटदार आहेत. बाप होड्या बांधतो याची लाज मला वाटत होती, नौफल. तुला नाही, मला. भाऊ तरी इंजिनियर असावा, असं मला वाटत होतं. माझी लाज मी तुझ्या नावावर टाकली.

तू मोठा इंजिनियर झालास. सगळे म्हणतात, दलंदानं भावाला घडवलं. ऐकलं की मी विषय बदलते.

बाबा तेव्हा खरं काय म्हणाले होते, ते आज नाही लिहवत. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण वाच.

यमीनाला मी एवढंच म्हटलं, "मी नाही विचारणार. मला विचारायला पाठवू नकोस." ती दुखावून गेली. कागदाला तीन आठवडे आहेत. मी तिला खरं उत्तरही दिलं नाही, खोटंही नाही, आणि अशा बाईचा तिला उपयोग काय, ते मला कळत नाही. तू सांग. मला सांगायचं नसेल तर तिला सांग. शाळेचा पत्ता तोच.

दलंदा

११ मे

नौफल,

तुझं पाकीट आठ तारखेला आलं. यमीनाच्या नावानं, माझ्या पत्त्यावर, आणि कोपऱ्यात तुझ्या बारीक अक्षरात: 'दलंदाने उघडू नये.'

चार वर्षांनी तुझं अक्षर दिसलं आणि त्यात माझं नाव असं. तरी मला आनंद झाला. पोस्टातल्या बाईला मी मिठी मारली, ती अजून सावरलेली नाही.

खरं सांगते, खिडकीशी धरून पाहिलं. जर्मन कागद जाड निघाला. मग चहाचं आधण ठेवलं, वाफेनं डिंक सुटतो हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. आधण उकळलं, आणि मी त्याचा चहा केला. पाकीट साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि नऊ तारखेला सकाळी तिच्या हातात दिलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

तिनं शाळेच्या अंगणात उभ्या उभ्या वाचलं. दोनदा वाचलं. मध्ये एकदा हसली. मी खिडकीतून बघत होते, मग न राहवून बाहेर गेले.

"काय लिहिलंय?"

"मॅडम, ते माझं पत्र आहे."

"हो हो. तुझंच."

तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "एवढं सांगते. त्यांनी लिहिलंय, आजोबांना तू स्वतः विचार. मध्ये माणूस घालू नकोस, कितीही जवळचा असला तरी."

त्याच दुपारी ओहोटीला ती आजोबांबरोबर पाण्यात गेली आणि तिथंच विचारलं. काकांनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला सांगितलं, पुन्हा पोटरीभर गाळ घेऊन. तक्रारीच्याच सुरात. "बाई, पोरगी तोंडावर विचारते, मी तुम्हाला हवी का? असं कुणी विचारतं का? हातातली झावळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, रोव." डोळे पुसले त्यांनी, मग माझ्याच टेबलाच्या कपड्याला हात पुसले.

वडिलांशीही ती स्वतःच बोलली, फोनवर, तासभर. ते रागावले आहेत. तिनं ऐकून घेतलं.

काल कागद गेला. पहिली इच्छा: विज्ञान, इथल्याच शाळेत. दुसरी आणि तिसरीपुढं तेच. 'का' या ओळीवर लिहिलंय, 'पाणी का वळतं ते कळायला.' आणि व्यवसायापुढं शर्फिया तसंच आहे, फक्त समासात बारीक अक्षरात 'बांधणारी' घुसवलंय. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही हिला काही समजावलं नाही?" मी म्हटलं, "नाही. या वेळी नाही." आणि मी सही केली. तिचं ठरलं ते बरोबर की चूक, ते मलाही माहीत नाही. दहा वर्षांनी विचारीन तिला. आता मी विचारायला लागले आहे. जुन्या वह्यांतून चाळीस पत्ते काढलेत.

कागद देऊन निघताना ती दारातून परत आली. "मॅडम, पत्रात शेवटी एक ओळ तुमच्यासाठी होती. तुम्हाला विचारायला सांगितलंय: बाबा नक्की काय म्हणाले होते? त्यांचेच शब्द."

मी म्हटलं, त्यालाच लिहिते.

तर ऐक. तीस वर्षं ते शब्द माझ्यापाशी आहेत, आणि ते तुझे आहेत.

मी गेले तेव्हा बाबा एका फळीला रंधा मारत होते. बशीर जेवायला गेला होता. मी विचारलं, नौफलला हाताखाली घ्याल का? त्यांनी रंधा थांबवला नाही. म्हणाले, "स्वतः का नाही आला?" मी म्हटलं, घाबरतो. तेव्हा त्यांनी रंधा बाजूला ठेवला. तू आदल्या उन्हाळ्यात घासलेलं ते वल्ह्याचं मुठीकडचं टोक खिळ्याला टांगलेलं होतं. ते काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "बघ," म्हणाले. "माझ्या हाताखाली लाकूड अजून कुरकुर करतं. त्याच्या हाताखाली गप्प बसतं. त्याला म्हणावं, सोमवारपासून ये."

सोमवारपासून ये, असं म्हणाले होते, नौफल.

त्या सोमवारी मी ट्यूनिसला परत निघण्याआधी त्यांना भेटायला वर्कशॉपमध्ये गेले. माझं सांगून झालं होतं, तुला लाज वाटते म्हणून. तरी त्यांनी लांबड्या बाकाची खिडकीकडची बाजू रिकामी करून पुसून ठेवली होती, आणि तिथं दुसरा रंधा ठेवला होता, लहान, तुझ्या हाताच्या मापाचा. मी तो पाहिला. काही बोलले नाही, आणि दुपारची गाडी पकडली.

तो रंधा मी वर्कशॉप विकताना काढून घेतला होता. माझ्याकडं आहे. पोस्टातली बाई म्हणते, एवढं वजन जर्मनीला पाठवता येतं. पण मला वाटतं, तो तू स्वतः येऊन घ्यावास.

दलंदा